योनाची ऐंशी वर्षं

एस्टोनियाला स्वतःचा राजा कधीच नव्हता. तेराव्या शतकापासून डॅनिश, जर्मन, स्वीडिश आणि १७१० नंतर रशियन असे धनी बदलत गेले. जमीन मात्र जवळजवळ सातशे वर्षं जर्मन जमीनदारांकडेच राहिली. एस्टोनियन भाषा बोलायचा तो शेतात राबणारा माणूस. कायद्यानं तो जमीनदाराच्या मालकीतून सुटला तो १८१६ साली उत्तर भागात आणि १८१९ साली दक्षिण भागात.

संगीताच्या दृष्टीनं याचा अर्थ फार रोखठोक आहे. राजा नसला की दरबार नसतो, आणि दरबार नसला की पगारी वाद्यवृंदही नसतो, ऑपेराचं नाट्यगृहही नसतं. हायडनला एस्टरहाझी घराण्यानं तीस वर्षांच्या आसपास पोसलं म्हणून तो सिंफनीमागून सिंफनी लिहू शकला. रोज सकाळी हाताशी वादक होते, लिहिलेलं दुपारी वाजवून बघता येत होतं. एस्टोनियन शेतकऱ्याच्या पोरानं संगीतकार व्हायचं ठरवलं, तर तो कुठे जाणार होता?

तो चर्चमध्ये जायचा, आणि तेही कोस्टरच्या हाताखाली. ल्यूथरपंथी चर्चमधला पाळक बहुधा जर्मन असायचा. त्याच्या खालचा माणूस, म्हणजे कोस्टर, हळूहळू एस्टोनियन होऊ लागला. ऑर्गन वाजवायचा, मंडळीला गीतं शिकवायची, पोरांची दृढीकरणाची (श्रद्धा जाहीरपणे स्वीकारण्याच्या संस्काराची) तयारी करून घ्यायची, शाळा चालवायची आणि वेळ पडली तर दप्तरही सांभाळायचं, अशी त्याची कामं. पगार बेताचा, पण गावात मान होता. मुख्य म्हणजे परगण्यातलं सगळ्यात महागडं यंत्र त्याच्या हाताखाली असायचं: चर्चचा ऑर्गन. मोराव्हियन पंथाच्या प्रचारकांनी अठराव्या शतकातच खेडोपाडी प्रार्थनाघरं उभारून चार आवाजांत गाण्याची सवय लावून ठेवली होती. (याच मंडळींनी गावातल्या लोकांना बॅगपाइप आणि जुनी गाणी ही पापाची साधनं आहेत असं सांगून ती सोडायलाही लावली. एका हातानं दिलं, दुसऱ्या हातानं काढून घेतलं.) पुढे वाल्गा इथल्या अध्यापक विद्यालयातून बाहेर पडलेल्या शिक्षकांनी गावोगावी गायनवृंद उभे केले. १८६९ साली टार्टूला पहिला गीतमहोत्सव भरला, तेव्हा आठशेहून जास्त गायक-वादक जमले. सगळे पुरुष. त्यात एस्टोनियन माणसानं रचलेली गाणी होती दोनच, आलेक्सांडर कुनिलाइड या तरुणाची. बाकी सगळा माल जर्मन.

चार वर्षांनी, २९ मे १८७३ रोजी, हिऊमा बेटावरच्या कॅइना परगण्यात कोस्टर योहानेस टोबियासच्या घरी मुलगा झाला. त्याचं नाव रुडॉल्फ. हिऊमा हे एस्टोनियाचं दुसऱ्या क्रमांकाचं मोठं बेट. जुनिपरची झुडपं, दगडी बांध, उथळ समुद्र आणि दीपगृहं. पोराला पहिले धडे बापानंच दिले, आणि वयाच्या नवव्या-दहाव्या वर्षी तो काहीबाही रचू लागला होता. कॅइनाचं ते चर्च १९४१ मध्ये युद्धात जळलं. आज तिथे जुन्या भिंती आहेत आणि जवळच टोबियासच्या घराचं संग्रहालय.

पुढचा प्रवास पायऱ्या चढल्यासारखा सरळ दिसतो. १८८५ मध्ये हाप्सालूला शाळा आणि पियानोची शिकवणी. १८८९ मध्ये ताल्लिनला आणखी शिक्षण. तिथे टेकडीवरच्या कॅथेड्रलचा ऑर्गनवादक एर्न्स्ट रायनिके याच्याकडे ऑर्गन. आणि १८९३ मध्ये, विसाव्या वर्षी, थेट राजधानी: सेंट पीटर्सबर्गची संगीत संस्था, अर्थात कॉन्झर्व्हेटरी.

इथे जरा थांबावंसं वाटतं, कारण एस्टोनियन संगीताची जवळजवळ सगळी पहिली पिढी या एकाच दारातून आत गेली, आणि तेही एका चमत्कारिक कारणामुळे. रशियाचा अधिकृत धर्म ऑर्थोडॉक्स. ऑर्थोडॉक्स उपासनेत वाद्य चालत नाही. फक्त माणसाचा आवाज. म्हणजे रशियन मुलाला चर्चमध्ये ऑर्गन कधी ऐकायलाच मिळत नसे. मग साम्राज्याच्या राजधानीतल्या संगीत संस्थेत ऑर्गनच्या वर्गात यायचं कोण? ल्यूथरपंथी मुलखातली मुलं, म्हणजे एस्टोनियन, लाटव्हियन आणि बाल्टिक जर्मन. खेड्यातल्या कोस्टरच्या पोराकडे पियानोवर दहा वर्षं खर्च करायला पैसा नव्हता, व्हायोलिन लहानपणापासून शिकवणारा उस्ताद नव्हता; पण ऑर्गन त्याच्या रोजच्या वहिवाटीतला होता. लुई होमिलियस या शिक्षकाच्या वर्गातून योहानेस काप्पेल, मीना हॅर्मा, कॉन्स्टान्टिन ट्युर्नपू, आर्टुर काप असे एकामागून एक एस्टोनियन बाहेर पडले. यातली मीना हॅर्मा ही एस्टोनियाची पहिली स्त्री-संगीतकार, आणि तीही ऑर्गनवादकच. देशाच्या पहिल्या शिकलेल्या संगीतकारांच्या पिढीत इतके ऑर्गनवादक असणं हा कुणी ठरवून केलेला प्रकार नव्हता. दुसरं दार बंद होतं, एवढंच.

टोबियासही होमिलियसकडे ऑर्गन शिकला. पण त्यानं एक पाऊल पुढे टाकलं. रचनेचा वर्गही घेतला, आणि तिथे त्याचा गुरू होता निकोलाय रिम्स्की-कोर्साकोव्ह. वाद्यवृंदाचे रंग कसे मिसळायचे हे त्या काळात युरोपात त्याच्याइतकं जाणणारे फार थोडे होते. १८९७ साली टोबियासनं पदवी घेतली ती ‘दमास्कसचा योहान’ नावाच्या कंटाटावर, म्हणजे गायक आणि वाद्यांसाठीच्या रचनेवर. रचनेची पदवी घेतलेला तो पहिला एस्टोनियन.

मात्र त्याच्या एका वर्ष आधीची, १८९६ मधली, गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. तेविसाव्या वर्षी त्यानं वाद्यवृंदासाठी ‘ज्युलियस सीझर’ नावाची ओव्हर्चर लिहिली. एस्टोनियन माणसानं लिहिलेली ही पहिली सिंफनिक रचना. आणि एस्टोनियन लोकांचा पहिला सिंफनी वाद्यवृंद कधी स्थापन झाला? १९०० साली, टार्टूला, आलेक्सांडर लॅतेच्या हातून. म्हणजे रचना आधी आली, ती वाजवणारे चार वर्षांनी. १८९७ मधला पियानो कॉन्चेर्टो घ्या, १८९९ आणि १९०२ मधली दोन तंतुवाद्य-चतुष्टकं घ्या. सगळ्यांच्या पुढे ‘एस्टोनियातलं पहिलं’ असं लिहावं लागतं. इतिहासकाराला असं लिहायला बरं वाटतं. रचणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर ‘पहिलं’ याचा अर्थ, हे वाजवायला आपल्या माणसांत अजून कुणी नाही. टोबियासच्या आयुष्याची सगळी अडचण इथून सुरू होते. घर बांधायला घेतलं तेव्हा गावच वसलेलं नव्हतं.

पदवीनंतर त्याला काम मिळालं ते ओळखीचंच: पीटर्सबर्गमधल्या एस्टोनियन मंडळीच्या सेंट जॉन चर्चमध्ये, एस्टोनियनांच्या भाषेत यानी किरिकमध्ये, ऑर्गनवादक आणि गायनवृंदाचा प्रमुख. पोटापाण्यासाठी राजधानीत आलेल्या हजारो एस्टोनियन मोलकरणी, कारागीर, कामगार, विद्यार्थी यांचा हा आधार होता. रविवारी आपल्या भाषेत प्रार्थना व्हायची, आपल्या माणसांच्या गाठी पडायच्या. १८८० पासून १९०१ पर्यंत इथला पाळक होता याकोब हुर्ट. त्यानं १८८८ साली वर्तमानपत्रांतून जाहीर हाक दिली होती की आपल्या आजी-आजोबांची गाणी, म्हणी, कहाण्या लिहून पाठवा. शेतकरी, शिक्षक, कोस्टर असे शेकडो लोक लिहून पाठवू लागले आणि हुर्टचा संग्रह लाखभर पानांच्या पुढे गेला. धर्मगुरू लोकगीतांचं भांडार उघडतोय आणि त्याच चर्चमध्ये ऑर्गनवर बसलेला तरुण बाखच्या वळणाचे फ्यूग (एक आवाज पुढे, बाकीचे त्याचा पाठलाग करत) लिहितोय, हे चित्र मोठं मौजेचं आहे. मोराव्हियन प्रचारकांनी जे टाकायला लावलं होतं, ते दीडशे वर्षांनी एका पाळकानंच परत गोळा केलं.

टोबियासनं या चर्चच्या गायनवृंदासाठी मोटेट, म्हणजे छोट्या धार्मिक रचना, लिहिले, कोरलांवर (ल्यूथरपंथी स्तोत्रगीतांवर) ऑर्गनसाठी प्रस्तावना लिहिल्या. पौलाच्या पत्रातल्या वचनावरचा ‘एक्स तेये तेआ’ किंवा बेचाळिसाव्या स्तोत्रावरचा ‘ओत्सेकुई हिर्व’ हे मोटेट आजही एस्टोनियन गायनवृंदांच्या नेहमीच्या गाण्यात असतात. कारण उघड आहे. गायनवृंद एस्टोनियात होतेच, भरपूर होते. जे गाता येत होतं ते गायलं गेलं, टिकलं. जे वाजवायला मोठी यंत्रणा लागत होती ते टेबलाच्या खणात पडून राहिलं.

१९०४ मध्ये त्यानं पीटर्सबर्ग सोडलं आणि तो टार्टूला आला. विद्यापीठाचं गाव, एस्टोनियन वर्तमानपत्रांचं गाव, पहिल्या गीतमहोत्सवाचं गाव. काळही तापलेला होता. १९०५ च्या क्रांतीचे पडसाद बाल्टिक प्रांतांत जोरात उमटले. जमीनदारांच्या हवेल्या जळल्या आणि मागोमाग मृत्युदंडाची सत्रं आली. त्याच वर्षी ‘नोर-एएस्ती’ म्हणजे ‘तरुण एस्टोनिया’ या नावाच्या लेखक-कलावंतांच्या गटाचा पहिला संग्रह निघाला; एस्टोनियन राहूनच युरोपीय व्हायचं, हा त्यांचा आग्रह. १९०६ मध्ये वानेमुइने या नाट्यसंस्थेची नवी इमारत उभी राहिली. तिकडे पीटर्सबर्गमध्ये विद्यार्थ्यांची बाजू घेतली म्हणून रिम्स्की-कोर्साकोव्हलाच संस्थेतून काढलं होतं.

टार्टूत टोबियासनं शाळांतून संगीत शिकवलं, शिकवण्या केल्या, लॅतेबरोबर मोठ्या रचनांचे कार्यक्रम बसवले आणि ‘पोस्टिमेस’ या दैनिकात संगीतावर लिहिलं. एस्टोनियन भाषेत संगीतावर गंभीरपणे लिहिणाऱ्या पहिल्या लोकांत तो होता, आणि त्याचा हात हलका नव्हता. जर्मन पुरुष-गायनमंडळांच्या नकलेवर चालणारं गोडगोड, भाबडं गाणं त्याला मानवत नसे. गीतमहोत्सव म्हणजेच संगीत असं मानणाऱ्या समाजाला तो सांगत होता की ही फार तर सुरुवात आहे. अशा माणसाला मान मिळतो, पैसे मिळत नाहीत. टार्टूतल्या चार वर्षांत त्याची आर्थिक ओढाताण कायमची होती.

याच काळात, १९०७ च्या सुमारास, तो एका प्रचंड कामाला लागला: योना संदेष्ट्यावरचा ओरेटोरिओ.

ओरेटोरिओ म्हणजे वेशभूषा आणि हालचाल वजा केलेली ऑपेरा, असं एक सोपं वर्णन पुस्तकांत आढळतं. मराठी माणसाला ते कीर्तनाच्या अंगानं जास्त चटकन कळेल: आख्यान एक, मध्येच थांबून त्यावर निरूपण, आणि सगळ्यांनी मिळून उचललेलं पद. फरक एवढा की इथे बुवांच्या जागी पाच एकल गायक, टाळकऱ्यांच्या जागी दोन मिश्र गायनवृंद आणि एक मुलांचा गायनवृंद, आणि पेटीच्या जागी भलामोठा वाद्यवृंद अधिक ऑर्गन. टोबियासनं एवढी सामग्री मागितली होती. संहिता त्यानं स्वतःच जर्मनमध्ये बांधली, बायबलमधल्या निरनिराळ्या ठिकाणची वचनं योनाच्या कथेत गुंफून. पाच मोठी दृश्यं. सगळं मिळून सुमारे दोन तास.

योनाची कथा तशी छोटीच. देव त्याला सांगतो, निनवेला जा आणि त्या पापी नगराला इशारा दे. योना उलट्या दिशेनं, तार्शीशला जाणाऱ्या गलबतावर चढतो. वादळ येतं. खलाशी चिठ्ठ्या टाकतात, योनाचं नाव निघतं आणि त्याला समुद्रात टाकतात. मोठा मासा त्याला गिळतो. तीन दिवसांनी तो किनाऱ्यावर येतो आणि मुकाट निनवेला जातो. चाळीस दिवसांत तुमचा नाश होणार, असं तो सांगतो. नगर ऐकतं, राजासुद्धा गोणपाट नेसतो, आणि देव क्षमा करतो. यावर योना चिडतो! एवढं सांगितलं आणि नाश झालाच नाही? चर्चमधल्या ऑर्गनवादकाला या कथेत काय दिसलं असेल हे तिच्या सामग्रीवरून कळतं. वादळ आहे, खलाशांचा गोंधळ आहे, समुद्राच्या पोटातली एकट्या माणसाची प्रार्थना आहे, आणि हजारो लोकांचा एका आवाजातला पश्चात्ताप आहे. गायनवृंदाला यात नुसतं भक्तिभावानं उभं राहून चालत नाही. त्याला खलाशी व्हावं लागतं, नगर व्हावं लागतं. बाख आणि हँडेल मुरवलेला, वॅग्नर ऐकलेला आणि रिम्स्की-कोर्साकोव्हकडून वाद्यवृंद शिकलेला माणूस यात रमला नसता तरच नवल.

टोबियासविषयी लिहिणाऱ्यांना त्यालाच योना ठरवण्याचा मोह होतो. मला ते पटत नाही. योना नेमून दिलेल्या कामापासून पळाला. टोबियासला हे काम कुणी दिलं नव्हतं. मागणी नव्हती, बिदागी नव्हती, सभागृह नव्हतं. तो आपण होऊन निनवेच्या वाटेला लागला आणि तिथे पोचल्यावर कुणी ऐकलं नाही.

१९०८ च्या आरंभी त्यानं एस्टोनिया सोडला. पॅरिस, म्युनिक, ड्रेस्डेन, प्राग असं फिरत, ऑर्गनचे कार्यक्रम करत तो लाइपझिगला पोचला. बाखनं शेवटची सत्तावीस वर्षं काढली ते हे गाव. मेंडेल्सझोननं जिथे वाद्यवृंद घडवला, तेही हेच. अशा गावात एवढी मोठी रचनाही सादर होईल, असं त्याला वाटलं असावं. २६ नोव्हेंबर १९०९ रोजी तिथल्या आंद्रेआस चर्चमध्ये तो ओरेटोरिओ, ‘योनाची पाठवणी’, सादर झाला. संचालक स्वतः टोबियास.

कार्यक्रम पडला. सराव पुरेसा झाला नव्हता, रचनेचे भाग गाळावे लागले होते. समीक्षकांनीही दया दाखवली नाही. त्यांच्या बाजूनं पाहिलं तर फारसं नवल नाही. रशियन साम्राज्यातून आलेला छत्तीस वर्षांचा अनोळखी माणूस, पदरी ना प्रकाशक ना आश्रयदाता, आणि हातात दोन गायनवृंदांचा ओरेटोरिओ. शिवाय साल १९०९. त्याच जानेवारीत ड्रेस्डेनला स्ट्राउसच्या ‘एलेक्ट्रा’नं कानठळ्या बसवल्या होत्या, व्हिएन्नात श्योनबर्ग सुरांचा जुना संसार मोडत होता. बायबलमधली कथा दोन तास गाणं जुनाट वाटण्याचाच तो क्षण. पण लगोलग पुढच्या वर्षी म्युनिकला मालरची आठवी सिंफनी, तितकीच अवाढव्य आणि तितकीच धर्मभावनेनं भारलेली, गर्दीच्या जयजयकारात सादर झाली, हेही विसरून चालणार नाही. मालरमागे नाव होतं, आयोजक होता, महिनोन् महिन्यांची तयारी होती. टोबियासकडे यातलं काहीच नव्हतं. त्याच्या अपयशात रचनेचा दोष किती आणि व्यवस्थेचा किती, हे त्या संध्याकाळी कुणालाच ठरवता येणं शक्य नव्हतं, कारण रचना धडपणे ऐकूच आली नाही.

तो खचून घरी परतला नाही. बर्लिनला स्थायिक झाला आणि तिथे त्याचं चांगलं बस्तान बसलं. जर्मन नियतकालिकांत लिहू लागला. राजेशाही संगीत विद्यालयात आधी बदली शिक्षक म्हणून आणि १९१२ पासून कायम शिक्षक म्हणून संगीतशास्त्र शिकवू लागला; ‘हेन्सेल आणि ग्रेटेल’ या ऑपेराचा कर्ता एंगेलबर्ट हुंपरडिंक आजारी पडल्यावर त्याचे वर्ग टोबियासकडे आले. हिऊमाच्या कोस्टरचा मुलगा बर्लिनच्या राजेशाही विद्यालयात हुंपरडिंकच्या जागी! याच वर्षांत तो मनानं मात्र एस्टोनियाच्या फार जवळ गेलेला दिसतो. ‘कालेविपोएग’ या राष्ट्रीय महाकाव्यावर त्यानं बर्लिनमध्ये बसून लिहिलं: ‘कालेविपोएग नरकाच्या दाराशी’ हा मेलोड्रामा, म्हणजे वाद्यांच्या साथीनं केलेलं पठण, आणि सोप्रानो व वाद्यवृंदासाठी आकाशकन्येचं गीत, ‘सेस्त इल्मानेइत्सिस्त इलुसास्त’. दुसरं मला फार आवडतं. लोककथेचा गोडवा त्यात आहे, पण लोकगीताची चाल उचलून तिला वाद्यांचे कपडे घालण्याचा सोपा मार्ग त्यानं घेतलेला नाही.

१९१३ साली ताल्लिनमध्ये ‘एस्टोनिया’ नाट्यगृह आणि संगीतसभागृहाची जोडइमारत लोकवर्गणीतून उभी राहिली. उद्घाटनाच्या समारंभांत आपल्या रचनांचं संचालन करायला टोबियास बर्लिनहून आला. सतरा वर्षांपूर्वी ओव्हर्चर लिहिताना जे सभागृह अस्तित्वात नव्हतं, ते आता समोर होतं. ही त्याची मायदेशाची शेवटची भेट ठरली.

१९१४ मध्ये त्याला जर्मन नागरिकत्व मिळालं आणि लगेच युद्ध सुरू झालं. जन्मभूमी रशियन साम्राज्यात, नागरिकत्व जर्मनीचं. लष्करानं त्याला दुभाष्या म्हणून घेतलं. तब्येत ढासळल्यामुळे १९१६ मध्ये सुटका झाली, तो पुन्हा शिकवू लागला. २९ ऑक्टोबर १९१८ रोजी बर्लिनमध्ये न्यूमोनियानं तो गेला. वय ४५. एस्टोनियानं त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत स्वातंत्र्य जाहीर केलं होतं, पण देश जर्मन सैन्याच्या ताब्यात होता. टोबियासच्या मृत्यूनंतर तेरा दिवसांनी युद्धबंदी झाली आणि ते सैन्य मागे फिरू लागलं. आणखी एक वर्ष तो जगता, तर ताल्लिन आणि टार्टू इथे १९१९ मध्ये सुरू झालेल्या उच्च संगीत शाळांपैकी एखादी त्याच्या हाती आली असती, असं मानायला जागा आहे.

स्वतंत्र एस्टोनियात दोन दशकं गेली. त्याच्या छोट्या रचना गायल्या गेल्या, ‘योना’मधला ‘सांक्तुस’ हा भाग वेगळा काढून वापरला गेला, पण अख्खा ओरेटोरिओ उभा राहिला नाही. मग १९४० मध्ये सोव्हिएत सत्ता आली. बायबलवरचा दोन तासांचा ओरेटोरिओ सादर करण्याचा प्रश्नच मिटला. या काळात धर्माचं नाव घेण्याची किंमत काय होती, ते १९६८ च्या एका प्रसंगातून कळतं. एस्टोनियन संगीतकार आर्वो पॅर्टची ‘क्रेडो’ ही रचना ताल्लिनमध्ये संचालक नेएमे यार्वीनं सादर केली. सुरुवातीलाच लॅटिनमध्ये ख्रिस्तावरच्या श्रद्धेचं वचन होतं. एवढ्यावर गहजब झाला, रचनेवर बंदी आली. १९८० मध्ये पॅर्ट आणि यार्वी दोघंही देश सोडून गेले.

टोबियासची हस्तलिखितं मात्र राहिली, आणि त्यांना एक चिवट माणूस भेटला. वार्दो रुमेसन हा पियानोवादक. जुन्या एस्टोनियन संगीतकारांचे कागद शोधणं, वाचणं, छापणं याचं त्याला जवळजवळ वेड होतं. ‘योना’ची पानं जुळवून, गाळलेले भाग परत जागेवर बसवून सादर करण्याजोगी संपूर्ण प्रत तयार करणं हे किचकट काम त्यानं केलं. अशा कामाला टाळ्या मिळत नाहीत. पण लाइपझिगच्या संध्याकाळी जे नीट ऐकू आलं नव्हतं, ते ऐकू येण्याजोगं झालं ते या कारकुनी चिकाटीमुळेच.

२५ मे १९८९ रोजी ताल्लिनमध्ये पेएटर लिल्येच्या संचालनाखाली ‘योनाची पाठवणी’ संपूर्ण सादर झाली. ऐंशी वर्षांनी. तारखेकडे जरा नीट बघायला हवं. आदल्या उन्हाळ्यात ताल्लिनच्या गीतमैदानावर लाखो लोकांनी रात्र रात्र गाऊन घालवली होती, त्यावरूनच ‘गाती क्रांती’ हे नाव पडलं. फेब्रुवारीत जुना निळा-काळा-पांढरा झेंडा ताल्लिनच्या किल्ल्यावर चढला होता. आणि तीन महिन्यांनी ताल्लिनपासून विल्नियसपर्यंत माणसांची साखळी उभी राहणार होती. अशा वसंतात एका नगराला दिलेला इशारा आणि त्या नगराचा बदललेला मार्ग एस्टोनियन श्रोत्यांनी निव्वळ धार्मिक कथा म्हणून ऐकला असेल, असं वाटत नाही. पण केवळ राजकारणामुळे तो कार्यक्रम शक्य झाला असंही नव्हे. व्यावसायिक वाद्यवृंद, तयार गायक, मुलांचे गायनवृंद, संगीत संस्था हे सगळं तोवर उभं राहिलेलं होतं, आणि त्यातलं बरंचसं सोव्हिएत काळातच वाढलं होतं. ज्या राजवटीनं ‘योना’ला दाराबाहेर ठेवलं, तिच्याच पैशांवर त्याला गाणारे घसे तयार झाले.

त्यानंतर मान भराभर आला. ७ जून १९९२ रोजी बर्लिनच्या विल्मर्सडॉर्फ दफनभूमीतून टोबियासचे अवशेष आणून एस्टोनियातल्या कुल्लामा इथे पुरण्यात आले. त्याच महिन्यात देशानं क्रोन हे स्वतःचं चलन सुरू केलं, आणि पुढे पन्नास क्रोनच्या नोटेवर टोबियासचा चेहरा आला, पाठीमागे ‘एस्टोनिया’ची ती १९१३ ची इमारत. २०११ मध्ये युरो आला आणि नोट गेली. १९९५ मध्ये ‘योना’चं संपूर्ण ध्वनिमुद्रण बाहेर आलं, संचालक नेएमे यार्वी, ‘क्रेडो’वाला. पीटर्सबर्गचं यानी किरिक १९३० मध्ये बंद पडून दुसऱ्याच कामाला लागलं होतं, तेही दुरुस्त होऊन २०११ मध्ये पुन्हा उघडलं.

टोबियास ऐकायचा असेल तर सुरुवात ‘योना’पासून करू नये, असं माझं मत. दोन तास अनोळखी भाषेतला गजर ऐकून माणूस दमतो. आधी ‘ओत्सेकुई हिर्व’ ऐकावं. चार-पाच मिनिटांत गायनवृंदावरची त्याची पकड कळते. मग दुसऱ्या चतुष्टकातला रात्रीचा संथ भाग, जो तंतुवाद्यवृंदही वेगळा वाजवतात. पियानो कॉन्चेर्टो वगळला तरी चालेल. त्यात विद्यार्थी अजून डोकावतो. ऑर्गनची आवड असलेल्यांनी डी मायनरमधला फ्यूग शोधावा. आणि मग यार्वीच्या ध्वनिमुद्रणात एकदम वादळाच्या दृश्याकडे जावं, कथा माहीत असल्यामुळे शब्द कळले नाहीत तरी खलाशी कुठे ओरडतात आणि योना कधी पाण्यात पडतो हे आपसूक कळतं.